झेब्र्यावाली सीडी

परवा कामवाल्या मावशी आल्या नाहीत, म्हणून कानात इयरफोन खुपसून भांड्यांना मीच उभा राहिलो. यूट्यूबने आपल्या मनाने काहीतरी लावलं. एकटी गिटार, त्यावर कुणीतरी स्वतःशीच पुटपुटल्यासारखं गातंय, आणि मग एकदम सगळी वाद्यं अंगावर! कुकरचं झाकण हातात तसंच राहिलं. अरे, ही तर झेब्र्यावाली सीडी!

२००४ साली मी शॅम्पेनमध्ये एमएस करत होतो. शॅम्पेन म्हणजे इलिनॉयमधलं, दारूचा संबंध नाही. रूममेटच्या खटारा गाडीत एकच सीडी कायम असायची. हिरवं कव्हर, त्यावर झेब्रा. बँडचं नाव 'हम'. (मला अमिताभच आठवायचा.) ''हे आपल्या गावचे आहेत,'' असं तो दर वेळी सांगायचा, आणि मी ''अच्छा'' म्हणून बाहेर मका बघत बसायचो. तेव्हा मला तो नुसता गोंगाट वाटायचा.

'यू'ड प्रिफर ॲन ॲस्ट्रोनॉट' हा तो अल्बम, १९९५ चा. त्यातलं 'स्टार्स' तेव्हा रेडिओवर बऱ्यापैकी गाजलं. पुढचा 'डाउनवर्ड इज हेवनवर्ड' १९९८ चा, माझ्या मते जास्त चांगला, पण चालला नाही. २००० मध्ये बँड मोडला. म्हणजे मी तिथे पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलंच होतं.

अंतराळाची गाणी म्हटलं की रॉकेट, काउंटडाउन, चमचमाट असं डोळ्यांसमोर येतं. यांच्याकडे मंगळाची गाडी चुकली असं वाटून मागच्या अंगणात तारे मोजणारी मुलगी आहे. त्यांचा गायक मॅट टॅलबट हे सगळं ओरडून सांगतच नाही. गिटारींचा एवढा डोंगर, आणि त्याखाली हा माणूस शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात गातो. तेव्हा मी डोंगरच ऐकला, माणूस ऐकू आला नाही.

त्या गावात मात्र खराखुरा डोंगर नावालाही नाही. आम्ही सह्याद्रीच्या सावलीत वाढलेले. कुठेही उभं राहिलं तरी आभाळाला कुठेतरी कड असते. तिथे मक्याची कापणी झाली की आभाळ चारही बाजूंनी थेट जमिनीला टेकतं. जानेवारीतल्या रात्री पार्किंगपासून घरापर्यंत चालतानासुद्धा आपण फार उघड्यावर आहोत असं वाटायचं. अशा गावातल्या पोरांनी अंतराळाबद्दल नाही लिहायचं तर कशाबद्दल?

रात्री जागून शोधलं तर कळलं, २०२० च्या जूनमध्ये त्यांनी काही गाजावाजा न करता 'इनलेट' काढला. बावीस वर्षांनी! आठच गाणी, पण एकेक ऐसपैस. त्यातलं 'डेझर्ट रॅम्बलर' ऐकताना गिटारी सोडून फक्त ड्रम्सवर कान ठेवा. कुठेही घाई नाही. ते वाजवणारा ब्रायन सेंट पेअर पुढच्याच वर्षी गेला, हेही मला परवाच समजलं.

रूममेटला मेसेज टाकला, ''तुझा तो झेब्रा भारी आहे रे.''

''वीस वर्षं?'' एवढंच उत्तर आलं. खाली एका सीडीचा फोटो, कव्हरला तडा गेलेला.