बॉब डोल यांच्या उजव्या हातातलं पेन

माझ्या मोठ्या काकांचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला तेव्हा मी पाचवीत होतो. हात कापावा लागला नाही पण त्यात जीव राहिला नाही, बोटं आत वळून बसली ती बसलीच. तेव्हापासून काकांच्या उजव्या हातावर कायम टॉवेल असतो. लग्नात असतो, फोटोत असतो, ऐन मे महिन्यात असतो. टॉवेल असला की समोरचा माणूस हात मिळवायला जात नाही, सरळ नमस्कार करतो आणि काकांना काही सांगत बसावं लागत नाही.

हे आधी सांगितलं कारण मी बॉब डोल यांच्याबद्दल लिहायला बसलोय त्याचं मूळ त्या टॉवेलमध्ये आहे. १९९६ च्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे जुने फोटो बघत होतो, क्लिंटन विरुद्ध डोल, आणि डोल यांच्या उजव्या मुठीत एक पेन दिसलं. दुसऱ्या फोटोतही पेन, तिसऱ्यातही. भाषण करतायत तरी पेन, नुसते चाललेत तरी पेन, समोर ना कागद ना टेबल. मला लगेच कळलं हे काय आहे ते. मग शोधून वाचायला लागलो आणि वाचतच गेलो.

कॅन्सस राज्यात रसेल नावाचं छोटं गाव आहे, तिथे २२ जुलै १९२३ चा जन्म. वडील अंडी आणि साय विकत घ्यायचं केंद्र चालवायचे, आई घरोघरी जाऊन शिवणयंत्रं विकायची. महामंदीत अशी वेळ आली की सगळं कुटुंब घराच्या तळघरात राहायला गेलं आणि वरचं घर तेलविहिरीवरच्या कामगारांना भाड्याने दिलं. मुलगा उंच, धावण्यात आणि बास्केटबॉलमध्ये पुढे, डॉक्टर व्हायचं ठरवलेला. मग युद्ध आलं. १४ एप्रिल १९४५ ला इटलीत कास्तेल द'आयानोजवळच्या एका टेकडीवर आपल्या रेडिओवाल्या सैनिकाला ओढून आणायला गेले आणि स्वतःच पडले. वय २१. उजवा खांदा फुटला, मणक्याला मार लागला. सोबतच्याने मॉर्फिन दिलं आणि त्यांच्याच रक्ताने कपाळावर एम हे अक्षर काढलं, कारण दुसऱ्या कोणी चुकून परत मॉर्फिन दिलं तर माणूस जायचा. युरोपातलं युद्ध संपायला तेव्हा साडेतीन आठवडेसुद्धा उरले नव्हते.

पुढची तीन वर्षं हॉस्पिटलं. एक मूत्रपिंड गेलं, उजवा हात कायमचा गेला, डाव्याच्याही बोटांना नीट स्पर्श कळेना. रसेलच्या लोकांनी सिगारच्या खोक्यात वर्गणी जमवली, १,८०० डॉलर, आणि शिकागोचे डॉक्टर केलिकियन, मूळचे आर्मेनियन निर्वासित, त्यांनी एक पैसा फी न घेता ऑपरेशनं केली. हात पहिल्यासारखा होणार नाही, आहे त्यात काय करता येईल ते बघ, हे पण त्यांनीच स्पष्ट सांगितलं. मग डाव्या हाताने लिहायला शिकणं, शर्टाची बटणं हुकने लावायला शिकणं, आणि डॉक्टरी सुटली म्हणून वकिली. वर्गात भरभर लिहून घेता यायचं नाही म्हणून आवाज रेकॉर्ड करायचं मशीन घेऊन बसायचे. परीक्षेत ते तोंडी सांगायचे आणि तेव्हाची बायको लिहायची. मुठीत पेन अडकवलं की दोन कामं व्हायची, बोटं पसरायची नाहीत आणि हात मिळवायला आलेल्या माणसाला आपोआप डावा हात दिसायचा.

आता राजकारण. डोल पक्के रिपब्लिकन, पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह, यात काही शंका नाही. १९६१ ते १९६९ हाउसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहात, आणि तिथून १९९६ पर्यंत सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात. म्हाताऱ्यांना सरकारी आरोग्य विमा देणारा मेडिकेअर कायदा १९६५ ला आला तेव्हा त्यांनी विरोधात मत दिलं. गर्भपाताला विरोध, बंदुकांवरच्या बंधनांना विरोध, क्लिंटन यांच्या आरोग्य योजनेला १९९४ मध्ये बुडवण्यात मोठा वाटा. यातल्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, मेडिकेअरचं मत तर अजिबातच नाही, सरकारी हॉस्पिटलात तीन वर्षं काढलेल्या माणसाने ते मत द्यावं हे मला आजही बोचतं. पण त्याच माणसाने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्याला हो म्हटलं, आणि ते त्या काळी सोपं नव्हतं.

रसेल काउंटीचे सरकारी वकील असताना त्यांना सरकारी मदतीच्या कागदांवर सह्या कराव्या लागायच्या आणि त्या यादीत त्यांचे स्वतःचे आजी-आजोबा होते. दर महिन्याला आपल्याच आजोबांच्या नावापुढे सही करायची. मला वाटतं पुढचं सगळं इथून समजतं. सरकारने लहान राहावं, उधळपट्टी करू नये हे त्यांना मनापासून वाटायचं, पण मदत घेणारा म्हणजे फुकट्या असं त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, कारण मदत घेणारा त्यांच्या घरातलाच होता.

म्हणून जॉर्ज मॅकगव्हर्नची गोष्ट मला फार आवडते. मॅकगव्हर्न म्हणजे डेमोक्रॅट पक्षातले एकदम डावीकडचे. १९७२ ला ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते तेव्हा डोल रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष, त्यांच्यावर तुटून पडायचं हे त्यांचं कामच होतं आणि त्यांनी ते केलं. आणि पाच वर्षांनी दोघं मिळून फूड स्टॅम्पचा, म्हणजे गरिबांना अन्नासाठी सरकारी कूपनं द्यायचा, कायदा बदलतायत. आधी काय होतं की गरिबाला कूपन मिळवायला स्वतःचे थोडे रोख पैसे आधी भरावे लागायचे, मग त्यावर जास्तीची कूपनं मिळायची. ज्याच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला रोख नाहीच तो काय भरणार? १९७७ मध्ये ती अट काढली. दोन ओळींचा वाटणारा बदल पण ज्याने रांगेत उभं राहून कागद पुरे करण्याचा अनुभव घेतलाय त्याला त्याची किंमत कळेल. पुढे याच दोघांच्या नावाने गरीब देशांतल्या शाळकरी मुलांना जेवण द्यायचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००८ ला दोघांना मिळून वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं.

पैशाच्या बाबतीत मात्र डोल एकदम मारवाड्याच्या खतावणीसारखे, खर्च केला तर जमा दाखवा. १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगनची मोठी करकपात त्यांनीच सिनेटच्या फायनान्स कमिटीचे अध्यक्ष म्हणून पुढे नेली, आणि तूट वाढतेय दिसल्यावर १९८२ ला त्यांनीच कर परत वाढवायचा कायदा आणला. यासाठी स्वतःच्याच पक्षातल्या न्यूट गिंगरिचने त्यांना कल्याणकारी राज्याचा करवसुली अधिकारी म्हटलं. १९८३ ला सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनची, तिजोरी रिकामी व्हायला आली तेव्हा डेमोक्रॅट मॉयनिहान यांच्याशी बोलून मोडलेली बोलणी परत सुरू केली, कर थोडा वाढला, निवृत्तीचं वय हळूहळू ६७ वर न्यायचं ठरलं. दोन्ही बाजूंना थोडं दुखलं. मला कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दाचा हा अर्थ पटतो, आणि म्हणूनच १९९६ ला निवडणूक जिंकायसाठी त्यांनी सरसकट १५ टक्के करकपातीचं आश्वासन दिलं तेव्हा आयुष्यभराचा हिशोब त्यांनी स्वतःच विस्कटला असं वाटतं. हरले ते हरलेच, ३७९ विरुद्ध १५९.

जीभ पण फार तिखट होती. १९७६ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या जोडीने उपराष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, तेव्हाच्या जाहीर वादात विसाव्या शतकातली युद्धं डेमोक्रॅटांची युद्धं आहेत असं म्हणून गेले, दुसरं महायुद्धसुद्धा त्यात धरून, आणि ते स्वतः त्याच युद्धातून असा हात घेऊन आलेले. त्यातून फोर्ड यांचं नुकसानच झालं.

पण हाताकडे परत येतो. सिनेटमधलं पहिलं भाषण त्यांनी १४ एप्रिल १९६९ ला केलं, जखमी झाल्याच्या बरोबर २४ वर्षांनी, आणि विषय अपंगांचे प्रश्न. २६ जुलै १९९० ला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला त्यामागे डोल यांचं मोठं बळ होतं. धंद्यांवर बोजा पडेल, रॅम्प कोण बांधणार, अशी ओरड त्यांच्याच पक्षातून होती.

आमच्या काकांना तालुक्याच्या एका बँकेत डाव्या हाताची सही जुळत नाही म्हणून तीन वेळा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा मी सोबत होतो. काउंटरवरचा माणूस काकांशी न बोलता माझ्याशी बोलत होता, यांचा अंगठा घ्या म्हणून. काका दहावी पास, सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे. ते काही बोलले नाहीत, टॉवेल नीट केला फक्त. कायदा कशाला लागतो हे मला त्या दिवशी समजलं.

म्हणून ४ डिसेंबर २०१२ चं वाचून मला फार लागलं. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार अमेरिकन सिनेटपुढे होता, आपण तो २००७ लाच मान्य केलाय आणि आपला २०१६ चा कायदा त्यावरच उभा आहे. हा करार अमेरिकेच्याच १९९० च्या कायद्याच्या धर्तीवर केलेला. डोल ८९ वर्षांचे, नुकतेच हॉस्पिटलातून आलेले, बायको एलिझाबेथ व्हीलचेअर ढकलत सभागृहात घेऊन आली. जुने सहकारी एकेक करून भेटून गेले, डावा हात हातात घेऊन गेले, आणि मग त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी विरोधात मत दिलं. बाजूने ६१, विरोधात ३८, करार मंजूर व्हायला लागणाऱ्या दोन तृतीयांशला पाच मतं कमी. बाहेरचे लोक आमच्या मुलांच्या घरच्या शिक्षणात ढवळाढवळ करतील अशी भीती घातली गेली होती. कॅन्ससचे दोन्ही सिनेटर नाही म्हणाले.

त्याच महिन्यात डॅनियल इनोये गेले. हवाईचे डेमोक्रॅट सिनेटर, इटलीतच त्याच एप्रिलमध्ये उजवा हात गमावलेले, आणि मिशिगनच्या लष्करी हॉस्पिटलात डोल यांच्याबरोबर असलेले. मी आधी वकील होणार, मग राजकारणात जाणार, मग काँग्रेसमध्ये (म्हणजे अमेरिकन संसदेत), असं तिथे डोल यांनी इनोयेंना सांगितलं होतं. इनोये १९५९ मध्ये त्यांच्याआधीच काँग्रेसमध्ये पोचले आणि निरोप पाठवला, मी आलो, तू कुठे आहेस. कॅपिटलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, घुमटाखाली इनोयेंचं पार्थिव ठेवलं तेव्हा डोल यांना व्हीलचेअरमधून आणलं. शेवटच्या थोड्या अंतरावर त्यांनी खुर्ची थांबवली, डॅनीने मला यात बसलेलं बघू नये म्हणाले, आणि एका माणसाच्या आधाराने उठून शवपेटीपर्यंत चालत गेले.