ती खरंच रडत होती का?

परवा सकाळी ठाण्याला एक बाई उतरली म्हणून चौथी सीट मिळाली, टेकले तर शेजारच्या मुलीच्या मोबाईलवर तीच जुनी क्लिप. हॉलिवूडची नटी अँबर हर्ड, तिच्या आधीच्या नवऱ्याने, नट जॉनी डेपने, लावलेल्या केसमध्ये कोर्टात साक्ष देतेय, कुत्र्याने मधमाशीवर पाय दिला वगैरे सांगतेय, आणि खाली कुणीतरी तोंड वाकडं करून तिची नक्कल करतंय. मुलगी हसली, तिच्या मैत्रिणीने वाकून बघितलं, तीही हसली. इतकी वर्षं झाली, निकाल लागला, तडजोड झाली, तरी ती क्लिप अजून फिरतेच आहे.

मी वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकील मॅडमकडे काम करते. प्रतिज्ञापत्रं टाईप करायची, तारखा लावायच्या, अशिलांना धीर द्यायचा. त्यामुळे 2022 च्या एप्रिल-मे महिन्यात ती केस चालू होती तेव्हा सगळे मलाच विचारायचे, तू कोर्टात असतेस ना, मग तुला काय वाटतं, ही खोटं बोलतेय ना? सोसायटीत, लग्नात, अगदी आमच्या झेरॉक्सवाल्याकडेसुद्धा. भारतात टिकटॉक 2020 पासून बंद, पण रील्सवर सगळं येतच होतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सला सुनावणी आणि निकाल आमच्या डब्यात कळवा यायच्या आत लागलेला.

त्या केसमध्ये कोण खरं होतं ते मी सांगत नाही, मला तो अधिकार नाही. पण डेपच्या बाजूने बोलणाऱ्या किती जणांना केस नेमकी कशावर होती हे माहीत होतं? डिसेंबर 2018 मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये घरगुती हिंसाचाराबद्दल तिच्या नावाने लेख आला होता, त्यात त्याचं नावही नव्हतं, त्यावर त्याने 5 कोटी डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला, तिने 10 कोटींचा उलट दावा लावला. त्याआधी लंडनमध्ये तो त्याला बायकोला मारणारा म्हणणाऱ्या एका वर्तमानपत्राविरुद्ध गेला होता आणि नोव्हेंबर 2020 मध्ये तिथे हरला होता, तिथे ज्युरी, म्हणजे निकाल देणारे साधे नागरिक, नव्हती, एकट्या न्यायाधीशांनी निकाल दिला. अमेरिकेत सात जणांच्या ज्युरीने 1 जून 2022 ला बहुतेक निकाल त्याच्या बाजूने दिला, पण त्याच ज्युरीने तिच्या उलट दाव्यातला एक मुद्दा मान्य करून तिलाही 20 लाख डॉलर द्यायला सांगितले. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, हो का, पण ती रडताना डोळ्यातून पाणीच येत नव्हतं बघ.

इथेच माझं डोकं फिरतं. पाणी येत नव्हतं म्हणून?

मी कोर्टात बायका आणि पुरुष दोघांनाही साक्ष देताना बघितलंय. एक काका मुलाच्या कस्टडीबद्दल सांगताना एकदाही अडखळले नाहीत, सपाट आवाजात बोलले, बाहेर येऊन पॅसेजमधल्या बाकावर बसले आणि बाटलीचं झाकण उघडता येईना त्यांना, हात एवढा थरथरत होता. आपल्याकडे सरतपास, म्हणजे साक्षीदाराचं स्वतःचं म्हणणं, बहुतेक प्रतिज्ञापत्रावरच होतो, उलटतपासणीत प्रश्न येतात, उत्तरं टाईप होतात. साक्षीदाराचे हावभाव नोंदवायचा अधिकार न्यायाधीशांना आहे, नाही असं नाही, पण मी टाईप केलेल्या किंवा वाचलेल्या साक्षींत तशी नोंद क्वचितच दिसलीये. कागदावर येतं ते तारीख, पैसे, दवाखान्याचा कागद, कोण घरात होतं आणि कोण नव्हतं.

तिकडे फेअरफॅक्सला कोर्टात कॅमेरा ठेवायला हर्डच्या वकिलांचा विरोध होता, तरी न्यायाधीशांनी परवानगी दिली. आणि ज्युरीतले लोक रोज संध्याकाळी आपापल्या घरी जात होते, तिची साक्ष अर्धवट असताना मध्ये आठवडाभर कोर्ट बंद होतं तेव्हासुद्धा. काही वाचू नका, बघू नका असं सांगितलं होतं त्यांना, पण घरात बायको-मुलं असतातच की, आणि त्यांच्या हातात मोबाईल.

आपल्या मुंबईत हे नवीन नाही म्हणा. नौदल अधिकारी नानावटीने बायकोचा प्रियकर आहुजाला गोळ्या घातल्या, त्या खटल्याच्या वेळी, 1959 साली, रस्त्यावर खेळण्यातली नानावटी पिस्तुलं आणि आहुजा टॉवेल विकायचे, आजोबा सांगायचे. तेव्हाही नऊपैकी आठ ज्युरींनी निर्दोष म्हटलं आणि नंतर हायकोर्टाने ते फिरवलं. पण तेव्हा निदान साक्षीदाराचा चेहरा लोकांच्या खिशात नव्हता.

त्याच 2022 च्या जूनमध्ये आमच्याकडे एक अशील होती. नवरा मारायचा, सात वर्षांचा संसार, पदरी एक मुलगी. तिची एक सवय होती, घाबरली की तिला हसू यायचं. खरंखुरं हसू, दात दिसायचे. मॅडमच्या केबिनमध्ये पहिल्यांदा मार सांगतानासुद्धा हसली होती. उलटतपासणीच्या आदल्या दिवशी तिने मला फोन केला. म्हणाली, ताई, मी रडू की नको? रडले तर नाटक वाटेल, माझे दीर तो व्हिडिओ दाखवून म्हणतात ही पण तसलीच. आणि हसले तर काय होईल?

मला काय बोलावं सुचेना. मी तिला कायदा सांगितला, फॅमिली कोर्टात एका पक्षाने जरी मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते, आपण अर्ज केलाय, आत बाहेरचं कुणी नसेल. कोर्टाचं लाईव्ह दाखवायचे जे नियम आलेत त्यातूनसुद्धा नवरा-बायकोच्या केसेस वगळल्यात. ती हो हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दारापाशी आल्यावर तिने मान वर करून पॅसेजमधला सीसीटीव्ही बघितला आणि विचारलं, हा आत पण आहे का?

मॅडमनी मला फाईल धरायला आत बसवलं होतं. दीड तास चालली उलटतपासणी. समोरच्या वकिलांनी विचारलं की एवढं मारत होता तर वाढदिवसाच्या फोटोत तुम्ही हसताय कशा, आणि ती त्या प्रश्नालाही हसली. मग जजमॅडमनी तिला पाणी द्यायला सांगितलं आणि ती ग्लास खाली ठेवेपर्यंत थांबल्या, पुढचा प्रश्न येऊ दिला नाही.

बाहेर आल्यावर ती माझा हात सोडेना. "मी हसले का हो?"

म्हटलं, हो, दोनदा.

"त्यांनी लिहिलं का?"

नाही लिहिलं, मी वाचलंय सगळं, म्हटलं. मग तिने माझा हात सोडला आणि पर्समधून रुमाल काढला.