हिरवी गोळी
आज संध्याकाळी आईला कळण्याची भाकरी अन् भरीत घेऊन गेले. जळगावातलंच एक नर्सिंग होम, नाव कशाला घेऊ. निमोनिया उतरलाय, दोन दिवसांत घरी सोडतील.

सिस्टर आल्या. "पाटील आजी, गोळी घ्या." आईने तळहातावर घेऊन उलटीपालटी करून पाहिली. "मनी गोयी पांढरी शे, हाई हिरवी शे." मी म्हटलं, कंपनी बदलली असेल, घे. (हो, मीच म्हटलं.) ती घेईना. शेवटी फाइल काढली. गोळी ग्लिमेपिराइडची, म्हणजे डायबिटीसची, शेजारच्या खाटेवरच्या पाटील आजींची. आपल्याकडे एका वॉर्डात दोन पाटील नसतील तर नवल!

आईला शुगर नाही. शिवाय दुपारपासून नीट जेवलेलीही नव्हती. शुगर नसलेल्याची साखर या गोळीने एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, बेशुद्धीसुद्धा. म्हाताऱ्या माणसात ती बराच वेळ खालीच राहते, अन् घरचे समजतात आजी झोपलीय.

औषध देण्याआधी पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा जुळवायच्या असतात, खाट नंबर त्यात धरत नाहीत. पण त्या सिस्टर सकाळपासून एकट्याच, मजला अख्खा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओरडायला गेले अन् जमलंच नाही.

आता दोन्ही खाटांवर पूर्ण नावाचं पुठ्ठं लटकतंय. आई मात्र पॅरासिटामॉलचंसुद्धा नाव विचारून घेतेय.