सापडली का गं तुझी म्हातारी?

मे महिन्याचा पहिला आठवडा. दुपारचे चार वाजून गेले होते, मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते आणि कोपऱ्यावरच्या खांबावरचा भोंगा खरखरला. आमचं गाव जपानमधलं, साईतामा प्रांतातलं, इरुमा शहराजवळचं. निम्मं चहाच्या मळ्यांचं, निम्मं रोज तोक्योला नोकरीला जाणाऱ्यांचं. इथं भोंगा एरवी संध्याकाळी पाच वाजता बोलतो, पोरांना खेळ थांबवून घरी पाठवणारी धून वाजवायला. चार वाजता बोलला म्हणजे काहीतरी घडलंय.

हे भोंगे मुळात भूकंप-पुराची सूचना द्यायला बसवलेले. बोसाई मुसेन म्हणतात. गावभर खांब, सगळे एकच वाक्य बोलतात, पण कुठला जवळ, कुठला लांब, त्यामुळे प्रत्येक शब्द दोन-तीनदा कानावर येऊन आदळतो. म्हणून घोषणा करणारी बाई शब्द तोडून, मध्ये थांबून बोलते. वय ८२... ८२... स्त्री. उंची १४८ सेंटिमीटर. अंगाने बारीक. केस पांढरे, आखूड. जांभळा स्वेटर, काळी पँट. सकाळपासून घरी नाही. दिसल्यास पोलिसांना कळवावे.

नाव नाही. गल्ली नाही. कुणाची कोण, तेही नाही.

मला एकदम पंढरपूर आठवलं. आषाढीला वाळवंटात माइकवर दिवसभर हेच चाललेलं असतं, पण कसं? गाव, नाव, आडनाव, कुणाबरोबर आल्या, कुठल्या दिंडीत होत्या, सगळं खणखणीत आवाजात. माझी आजी एका वारीत अशीच चुकली. चौकीतल्या हवालदाराने नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती सांगेना. घ्यायचं कसं? म्हणाली, “थोरल्याचा बा.” बरं, थोरल्याचं नाव काय? तेही नाही, कारण थोरल्याला सासऱ्याचं नाव ठेवलेलं! शेवटी फक्त गावाचं नाव आणि “हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू” एवढ्यावर पुकारा झाला. त्या वर्णनाच्या हजारभर बाया वाळवंटात असतील. तरी गावचे चौघे धावत आले, आणि आजोबा सगळ्यांत मागून, जणू काही झालंच नाही असे.

इथं नाव सांगत नाहीत ते घरच्यांची अब्रू राखायला. मला ते पटतंही. पण नाव राखून ठेवलं की लोक ते शोधत बसतात, आणि नाव सापडलं की पुढची कथा जोडायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत जळणारा कचरा ठेवायचा होता. कावळ्यांसाठी टाकलेल्या हिरव्या जाळीखाली पिशव्या सरकवत चार बायका उभ्या होत्या, नेहमीपेक्षा हळू आवाजात. म्हातारी कुणाची ते तोवर ठरलं होतं: मागच्या गल्लीतल्या, पर्सिमनचं झाड असलेल्या घरातली. समोरच्या ओकुसान (इथं दुसऱ्याच्या बायकोला मानाने असं म्हणतात; या बाईंचा मला इथं मोठा आधार आहे, म्हणून नाव राहू दे) म्हणाल्या, सून मार्चपासून नोकरीला लागलीय. एवढंच. पुढे काही नाही. जपानी माणूस वाक्य अर्धं सोडतो आणि समोरचा ते मनात पुरं करतो. पुरं सगळ्यांनी केलं. मीही केलं.

मग दुसरी एक म्हणाली, अलीकडे नवे चेहरे फार झालेत गावात. पुन्हा अर्धंच वाक्य. स्टेशनकडच्या जुन्या इमारतीत नेपाळी पोरं राहतात, जेवणाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी करतात, आणि माझ्याकडे लोणच्याची चौकशी करतात. वाक्य बोलून झाल्यावर तिघींचं लक्ष एकदम माझ्याकडे गेलं आणि तिघींनी एकदमच जाळी नीट केली. मी काही बोलले नाही. घरी येऊन मात्र चहात साखर दोनदा घातली.

संध्याकाळी सोलापूरला फोन लावला. आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे आईची दुपारची झोप मोडली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “सुनेनं सोडून दिलं असंल कुठंतरी.” मी म्हटलं, अगं, असं कसं. तर म्हणे, “मग दाराला कडी का नव्हती?” आईच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते म्हातारीच्या नावावर जमीन असणार. चहाचे मळे म्हटल्यावर त्यांनी तर वाटण्याच करून टाकल्या. सहा हजारांहून जास्त किलोमीटरवरून.

इथं अशी माणसं किती हरवतात, त्याचा आकडा पोलीस दर वर्षी जाहीर करतात. स्मृतिभ्रंश असलेल्या किंवा तसा संशय असलेल्या १९,०३९ जणांच्या हरवल्याच्या तक्रारी २०२३ मध्ये नोंदल्या गेल्या. २०१२ मध्ये हाच आकडा ९,६०७ होता. बहुतेक जण त्याच दिवशी, नाहीतर आठवड्याभरात सापडतात. याच इरुमाने २०१६ मध्ये एक युक्ती काढली: नखावर चिकटवायचा सेंटिमीटरभराचा क्यूआर कोड. कपडे बदलतात, पाकीट विसरतं, नख कुठं विसरणार? 

“मग दाराला कडी का नव्हती” या आईच्या प्रश्नावर इथं सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेलेला आहे. डिसेंबर २००७. आइची प्रांतातल्या ओबू गावात ९१ वर्षांचे एक गृहस्थ घरातून निघाले आणि रेल्वेखाली सापडून गेले. त्यांना सांभाळणारी बायको ८५ वर्षांची. तिचा जरा डोळा लागला होता. रेल्वे कंपनीने गाड्या खोळंबल्याची भरपाई म्हणून घरच्यांकडे सुमारे ७२ लाख येन मागितले. खालच्या न्यायालयाने द्या म्हटलं, वरच्याने रक्कम निम्मी करून एकट्या बायकोवर टाकली, आणि १ मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरच्यांकडे काही देणं लागत नाही. म्हणजे ८५ वर्षांच्या बाईच्या डुलकीची चर्चा देशभर आठ-नऊ वर्षं चालली. मला त्या बाईचं फार वाटतं. डुलकी किती वेळाची असेल?

संशय घ्यायला जागाच नसते असंही नाही. २०१० च्या उन्हाळ्यात तोक्योत १११ वर्षांच्या एका आजोबांचा सत्कार करायचा म्हणून पालिकेची माणसं गेली, तर आजोबा तीसेक वर्षांपूर्वीच वारलेले आणि अंथरुणातच. मग देशभर झडती सुरू झाली. कुटुंबाच्या सरकारी नोंदवह्या तपासल्या, तर कागदावर जिवंत पण ठावठिकाणा नाही अशी शंभरी ओलांडलेली २,३४,३५४ माणसं निघाली. त्यात ८८४ तर दीडशेच्या वरची! बहुतेक युद्धात गेलेली, परदेशी गेलेली, कुणी मृत्यू नोंदवलाच नाही अशी. पण त्या उन्हाळ्यानंतर प्रत्येक बंद खिडकीकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले, असं ओकुसान सांगतात.

त्याआधी, फार पूर्वी, तर्क करायची गरजच नव्हती. माणूस नाहीसं झालं की ‘कामिकाकुशी’ म्हणायचं, देवाने लपवलं. पुढे प्रश्न नाही. इवाते प्रांतातल्या तोनो भागात सामुतोच्या म्हातारीची गोष्ट सांगतात. एक तरुण मुलगी नासपतीच्या झाडाखाली आपल्या चपला ठेवून संध्याकाळी नाहीशी झाली. तीसेक वर्षांनी, घरात पाहुणे जमलेले असताना, एक जख्ख म्हातारी दारात उभी. म्हणाली, तुम्हा सगळ्यांना बघावंसं वाटलं म्हणून आले, आता जाते. आणि गेली. त्या दिवशी वारा फार होता, म्हणून सोसाट्याचा वारा सुटला की तिकडची माणसं म्हणायची, आज सामुतोची म्हातारी परत यायची बरं. सूनबिन, वाटणीबिटणी काही नाही त्या गोष्टीत. कुणी आरोपी नाही.

आमच्या म्हातारीचा दुसरा दिवसही तसाच गेला. स्वयंसेवक अग्निशमन दलातले लोक, म्हणजे एरवीचे तांदूळवाले आणि रंगारी, गणवेश घालून कालव्याच्या कडेने काठ्या घेऊन फिरत होते. आमच्याकडे हातोहात फिरणारी सूचनांची फळी आली. कागद नेहमीचाच, गटार सफाईच्या तारखेचा; पण फळी हातात देताना प्रत्येक घराने दारात पाच मिनिटं जास्त काढली. माझ्या दारात पोचेपर्यंत सून रात्री ओरडलेली होती, मुलगा वेगळा राहायला गेलेला होता आणि म्हातारीला जूनमध्ये वृद्धाश्रमात घालायचं ठरलेलं होतं. यातलं मी पुढच्या घरी काय सांगितलं? वृद्धाश्रमाचं सांगितलं. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला भोंगा वाजला. परवापासून शोध चालू असलेली ८२ वर्षांची स्त्री... स्त्री... सापडली आहे. सहकार्याबद्दल आभार.

मी टाळी वाजवली. ओकुसान अंगणात होत्या, त्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी मला समजावलं ते हे की, माणूस सुखरूप मिळालं तर घोषणेत ‘बुजी’ हा शब्द असतो. बुजी म्हणजे धडधाकट, काही न होता. आज नुसतं ‘सापडली’ म्हणाले. इतकी वर्षं हा भोंगा ऐकणाऱ्या माणसांना तेवढं पुरतं.

दुपारपर्यंत गल्लीने म्हातारीचं सुतक धरलं होतं. ओकुसानांनी दुकानातून काळ्या-पांढऱ्या दोरीचं पाकीट आणलं, कोदेनचं; मयताच्या घरी पैसे द्यायचे ते त्यात घालतात. त्यात कोऱ्या नोटा घालायच्या नाहीत. कोऱ्या घातल्या तर असं दिसतं की तुम्ही मरणाची वाट बघत तयारी करून बसला होतात. म्हणून त्यांनी पर्स उपडी करून वापरलेल्या नोटा निवडल्या आणि माझ्याकडच्या दोन जुन्या हजारच्या बदलून नेल्या.

चौथ्या दिवशी बेल वाजली. दारात एक बाई, पन्नाशीची, कामावरून थेट आलेली असावी, गळ्यात ओळखपत्र तसंच. हातात टॉवेलच्या पाकिटांची थप्पी. कंबरेत वाकून म्हणाली, आमच्या आईंमुळे तुम्हा सगळ्यांना फार मेइवाकु झाला. मेइवाकु म्हणजे दुसऱ्याला झालेला त्रास. इथं याहून मोठा गुन्हा नाही. ही ती सून. तीन दिवस जिला मी मनातल्या मनात उभी-आडवी केली होती, तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि तिने माझ्यासाठी टॉवेल आणला होता.

मला जपानीत सांत्वनाचं वाक्य येत होतं, ते मी सकाळीच पाठ केलेलं. सुरुवात केली, तर ती गोंधळून म्हणाली, “नाही, नाही. दवाखान्यात आहेत. खुब्याचं हाड मोडलंय. जेवतायत.”

हाड मोडलं म्हणून ‘बुजी’ म्हणता आलं नाही. घोषणा करणारी बाई अचूक होती, आम्ही सगळे तिच्यापेक्षा हुशार निघालो!

मळ्यांच्या पलीकडे चहाचा एक जुना कारखाना आहे. बंद पडून वीस वर्षं झाली असतील. त्याच्या मागच्या शेडमध्ये सापडल्या त्या. पहिल्या तोडणीचे दिवस, मळेवाला पहाटे यंत्र काढायला गेला होता, त्याला दिसल्या. इथं वसंताच्या आरंभापासूनची ८८ वी रात्र मोजतात, साधारण २ मेच्या सुमारास येते, आणि त्या वेळचा कोवळा चहा सगळ्यांत चांगला मानतात. तरुणपणी आजी त्याच कारखान्यात तोडणीच्या हंगामाला जायच्या. पिशवीत सुती एप्रन, मनगटापासून कोपरापर्यंत घालायच्या बाह्या आणि फडक्यात बांधलेला डबा होता. डबा रिकामाच. सून म्हणाली, “शटर कुणी उघडेना, म्हणून मागून गेल्या.” 

फुकुओका प्रांतात ओमुता नावाचं जुनं कोळशाच्या खाणींचं शहर आहे. तिथले लोक २००४ पासून हरवलेलं म्हातारं माणूस शोधायची तालीम करतात, एक जण हरवल्यासारखा चालतो आणि बाकीच्यांनी त्याच्याशी बोलायचं. आधी त्या तालमीच्या नावात ‘हाइकाई’ शब्द होता, म्हणजे उगाच भटकणं. २०१५ मध्ये त्यांनी तो काढून टाकला. उगाच कुणी निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हे इथल्या, स्मृतिभ्रंश झालेल्यांना मदत कशी करायची ते शिकवणाऱ्या दीड तासाच्या वर्गात ऐकलेलं आहे, तिथलं मनगटात घालायचं नारिंगी कडंही मला मिळालंय. कडं फ्रीजवर आहे.

संध्याकाळी फोन केला. आईने हॅलोच्या आधी विचारलं, “सापडली का गं तुझी म्हातारी?”

“सापडली. कामाला गेली होती.”

आई बराच वेळ गप्प. पाठीमागे कुकरची शिट्टी झाली, खालच्या काकूंचा आवाज आला, ‘काय म्हणतीय, काय झालं’ असा. आईने त्यांना थांबवलं असावं.

“आणि गं,” ती म्हणाली, “तीन दिवसांचा पगार दिला का त्यांनी?”