फ्लू शॉट, खांदा आणि साडेतीन वर्षांची कागदपत्रं

आम्ही न्यू जर्सीत राहतो. ऑक्टोबर 2020 मध्ये घराजवळच्या फार्मसीत फ्लू शॉट घ्यायला गेले, टॉपची बाही वर सरकेना म्हणून त्या मुलाने गळाच खांद्यावरून खाली ओढला, मी बसलेली, तो उभा, आणि सुई टोचली ती पार वर, हाडापाशी. त्याच रात्री डाव्या कुशीवर झोपता येईना. वाटलं, शॉटचं दुखणं आहे, जाईल दोन दिवसांत. मग काय, आईने सोलापूरहून दिलेलं महानारायण तेल चोळत बसले दोन महिने, आणि तिथेच माती खाल्ली.

कारण डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "खांदेदुखी" लिहिलं, शॉटचा उल्लेखच नाही. फेब्रुवारीत ऑर्थोपेडिककडे गेले, एमआरआयमध्ये बर्साला, म्हणजे सांध्याजवळच्या छोट्या पिशवीला, सूज दिसली, आणि 'सिर्वा' (लस टोचताना खांद्याला होणारी इजा) हा शब्द पहिल्यांदा ऐकला. सुई फार वर गेली की लस स्नायूत न जाता त्या पिशवीत जाते, म्हणजे दोष लशीचा नाही, टोचण्याचा.

अशा इजेला सरकारी योजनेतून भरपाई मिळते हे ऑफिसातल्या एकीकडून कळलं. मला वाटायचं अमेरिकेत केस म्हणजे फार्मसीला कोर्टात खेचायचं, पण इथे दावा केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यावर लावतात, वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, ज्युरी वगैरे नाही, स्पेशल मास्टर, म्हणजे अशा दाव्यांसाठी नेमलेले न्यायाधिकारी, निकाल देतात. पैसे एका फंडातून येतात, फ्लूच्या दर डोसमागे 75 सेंट कर त्यात जातो. वकिलाची फी कोर्ट वेगळी ठरवून देतं, आपल्या रकमेतून टक्का कापत नाहीत. हे ऐकून नवरा म्हणाला, "नक्की वाच, काहीतरी गोम असणार." नव्हती.

अटी मात्र कडक. दुखणं शॉटनंतर 48 तासांत सुरू झालेलं हवं, सहा महिन्यांहून जास्त टिकलेलं हवं, आणि पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा.

आता 48 तास सिद्ध कसे करायचे? वाचवलं व्हॉट्सअॅपने. शॉटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला लिहिलं होतं, "हात वरच जात नाहीये, अंबाडा पण घालता येईना". मराठीतला मेसेज, म्हणून सर्टिफाइड भाषांतर करून घेतलं, त्यात अंबाड्याचं 'बन' झालं, आणि वकीलबाईंनी फोन करून विचारलं की तुम्ही बेकिंग करता का!

त्याहून मोठा घोळ फिजिओथेरपीच्या कागदात निघाला. एप्रिल 2021 मध्ये मी कोविडची लस घेतली होती, उजव्या हाताला, पण तेव्हा जो तो त्याच लशीबद्दल बोलत होता आणि थेरपिस्टने सरळ लिहून टाकलं, "कोविड लशीनंतर दुखणं". कोविडची लस या योजनेत बसतच नाही, तिची वेगळी योजना आहे आणि तिथे वकिलाचे पैसेही मिळत नाहीत. सरकारी वकिलांनी ते वाक्य बरोब्बर पकडलं. मग फेब्रुवारीतला ऑर्थोचा कागद दाखवला, त्यावर फ्लू शॉट आणि डावा खांदा स्पष्ट लिहिलेलं होतं, दोन महिने आधीची तारीख, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. तेव्हापासून मी डॉक्टरांकडून निघायच्या आधी त्यांनी काय लिहिलंय ते वाचते, लाज सोडून.

जानेवारी 2022 मध्ये दावा लावला, सरकारने मान्य केलं 2023 संपता संपता, आणि मग रकमेवर घासाघीस. त्रासापोटी कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, पण ऑपरेशन झालेलं नसेल तर तिथवर जायची स्वप्नं बघू नका. मी काही महिने सुट्टीवर होते तो बुडालेला पगार वेगळा धरला. निकाल लागल्यावर "मान्य आहे" असा आणखी एक कागद भरायचा, मग चेक. 2024 च्या वसंतात तो आला.

एकच गोष्ट वकीलबाईंनी सांगितली होती ती मी नीट ऐकली नाही. निकाल कोर्टाच्या साइटवर नावासकट, आकड्यासकट लागतो. सासूबाईंच्या मैत्रिणीच्या मुलाने तो शोधून काढला आणि आता मला किती मिळाले हे अख्ख्या मंडळाला पाठ आहे.