चांदीची पट्टी आणि अण्णांचा पाय

अण्णांच्या उजव्या अंगठ्याखाली जखम झाली ते आम्हाला कळलंच नाही, त्यांना स्वतःलाही नाही, कारण वीस वर्षांच्या शुगरने तळवे पार बधिर झालेत. आई लादी पुसत होती तर ओले डाग दिसले, म्हणून पाय उलटा करून बघितला, तर जुन्या कुरुपाच्या मधोमध भोक आणि घाण वास.

मग दीड महिना रोज साधी गॉजची पट्टी. भरतच नव्हती, उलट कडेने लाल व्हायला लागलं आणि पू वाढला. शेवटी ज्या सर्जनकडे गेलो त्यांनी आधी तळव्याला नायलॉनची बारीक तार टेकवून बघितली (अण्णांना काही म्हणजे काही कळलं नाही), पायाला रक्त नीट पोचतंय का बघायला डॉप्लर केलं, हाडापर्यंत गेलंय का बघायला एक्स-रे काढला, कडेचं जाड पांढरं कातडं कापून जखम साफ केली, अँटिबायोटिक सुरू केलं आणि मग म्हणाले, दोन आठवडे सिल्व्हर ड्रेसिंग लावू, मग परत बघू.

मला आधी वाटलं ही काहीतरी नवीन महागडी फॅशन असेल, पण भाजल्यावर लावायचं पांढरं क्रीम असतं ना घराघरात, सिल्व्हर सल्फाडायझिन, ते 1968 पासूनचं आहे, म्हणजे चांदी औषधात जुनीच. पट्टीला जखमेचा ओलावा लागला की चांदीचे आयन हळूहळू सुटतात आणि जंतूंच्या आवरणाला, प्रथिनांना, डीएनएला चिकटून त्यांचं काम बंद पाडतात. आमची पट्टी तीन दिवस ठेवायची होती, त्यामुळे रोज जखम उघडायची गरज नाही, हा मोठाच आराम. सिस्टरांनी बजावलं होतं की ही पट्टी सलाइनने भिजवायची नाही, स्टराइल पाण्यानेच, कारण मिठातल्या क्लोराइडने चांदी तिथेच अडकते. पहिल्यांदा सोडली तेव्हा कातडीवर करडे-काळे डाग बघून माझ्या पोटात गोळा आला, वाटलं गँगरीन, पण तो चांदीचाच रंग होता, देवघरातले टाक काळे पडतात तसा.

दहाव्या दिवशी वास गेला, पू कमी झाला. दोन आठवडे झाल्यावर सर्जननी चांदी बंद केली आणि साधी फोमची पट्टी दिली. आई म्हणाली, अहो डॉक्टर, गुण येतोय तर चालू ठेवा की. त्यांनी नीट समजावलं, चांदी जंतू मारते, मांस भरत नाही. नंतर मी वाचलं तर 2009 साली इंग्लंडमध्ये पायाच्या शिरांच्या जखमांवर मोठी चाचणी झाली होती, 213 पेशंट, आणि 12 आठवड्यांनी चांदीवाले आणि बिनचांदीवाले यांच्यात भरण्याचा काही फरक नव्हता. मधुमेही पायांसाठीच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात की नुसती जखम भरावी म्हणून अशा पट्ट्या वापरू नका. त्यामुळे कोणी महिनोन्महिने सिल्व्हर लावत असेल आणि पायावरचा भार तसाच असेल तर माझा जीव तुटतो.

कारण अण्णांची जखम खरी भरली ती पायाच्या प्लास्टरने, म्हणजे जखमेवरचा भार निघाल्याने. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी कुष्ठरोग्यांच्या पायांवर हेच दाखवून दिलं होतं, दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, तो भार काढला की ती भरते. अण्णांना दुखत नव्हतं ना, मग त्यांना घरी बसवणं किती अवघड! सकाळी दूध आणायला निघायचेच. प्लास्टर घातलं, शुगरसाठी इन्सुलिन वाढवलं, आणि साडेतीन महिन्यांनी तिथे गुलाबी कातडी आली.

आता एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल आहे. अण्णा पाय घालायच्या आधी आई दोन्ही चपलांत हात फिरवून बघते, खडा नाही ना, खिळा नाही ना, आणि रात्री टॉर्च घेऊन तळवे बघते. काल बोटाच्या बेचक्यात बारीकशी चीर दिसली तर तिने सकाळपर्यंत पण थांबू दिलं नाही, लगेच फोटो काढून सर्जनना पाठवायला लावला.