आयएलएस आणि खासगी विधी महाविद्यालयाची कागदी बाजू

पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्याला ज्याच्यामुळे नाव मिळाले ते महाविद्यालय सरकारी नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. 1923 मध्ये इंडियन लॉ सोसायटी (आयएलएस) स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने विधी महाविद्यालय सुरू केले. मुंबईत सरकारी विधी महाविद्यालय 1855 पासून होते, पण पुणे परिसरातल्या मुलाला तिथे राहून शिकणे परवडायला हवे ना! पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे हे हिंदू धर्मशास्त्राचे अभ्यासक. याज्ञवल्क्यस्मृती आणि मिताक्षरेसारखे ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणले.

संस्था खासगी असली तरी पदवी विद्यापीठाचीच. आधी मुंबई विद्यापीठाची संलग्नता होती, 1948 च्या कायद्याने पुणे विद्यापीठ आल्यावर ती तिकडे गेली. पुढे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड हे दोघेही इथलेच विद्यार्थी. आमच्या मते या संस्थेची खरी ताकद म्हणजे सुरुवातीपासून मालक एक माणूस नव्हता, नोंदणीकृत सोसायटी होती. प्राचार्य बदलले तरी जमीन, ग्रंथालय आणि संलग्नता जागेवर राहिली.

मोठा बदल 1961 च्या अधिवक्ता कायद्याने झाला. विधी शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेकडे आले आणि महाविद्यालयाला दोन दारे ठोठावावी लागू लागली: विद्यापीठाची संलग्नता आणि बार कौन्सिलची मान्यता. 1980 च्या दशकात बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आला, तेव्हा कायदा शिकवणाऱ्यांबरोबर अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राचे शिक्षकही नेमावे लागले.

आज नवे महाविद्यालय काढणाऱ्याने बार कौन्सिलचे 2008 चे विधी शिक्षण नियम बारकाईने वाचावेत. एका तुकडीत जास्तीत जास्त 60 विद्यार्थी. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दोन तुकड्यांसाठी प्राचार्य सोडून पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 6 आणि तिसऱ्या वर्षी 8 पूर्णवेळ शिक्षक. अनिवासी महाविद्यालयाचे वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच, म्हणजे नोकरी करून रात्री कायदा शिकण्याची जुनी पद्धत संपली. प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे इंटर्नशिप. शिवाय अभिरूप न्यायालय (लुटुपुटीच्या खटल्याचा सराव), मसुदालेखन, व्यावसायिक नीती आणि पर्यायी वादनिवारण (कोर्टाबाहेर वाद मिटवणे) हे प्रात्यक्षिकाचे विषय.

गाडी अडते ती बहुधा शिक्षकांवर. बार कौन्सिलच्या तपासणीच्या दिवशी यादीत नावे असतात, पण त्यांतले काही जण सकाळी कोर्टात उभे असतात. वकिली करणारा माणूस प्रात्यक्षिकाच्या विषयाला उत्तम, पण त्याला पूर्णवेळ शिक्षक धरता येत नाही. पूर्णवेळ शिक्षकाचा पगार हा सर्वांत मोठा खर्च आणि तो शुल्कातूनच काढायचा, म्हणून विनाअनुदानित संस्था नेमका तिथेच हात आखडतात. मग विषय अर्धवट शिकवले जातात आणि हजेरी कागदावर भरली जाते. यात नुकसान विद्यार्थ्याचेच, आणि ते आम्हाला अजिबात मान्य नाही.

दुसरी अडचण मान्यतेच्या मुदतीची. मान्यता एकदा मिळाली म्हणजे कायमची, असा समज असतो. नियमांनुसार तात्पुरती मान्यता तीन वर्षांपर्यंत, आणि नियमित मान्यताही मुदतीचीच. पुढे पुन्हा अर्ज, शुल्क आणि तपासणी. संस्थेने अर्ज उशिरा केला तर पदवी हातात असूनही वकिलीच्या सनदेसाठीचा (परवान्यासाठीचा) अर्ज राज्य बार कौन्सिलमध्ये अडकू शकतो.

गल्लीबोळांत महाविद्यालये उभी राहिल्यावर बार कौन्सिलने 2019 मध्ये नव्या महाविद्यालयांवर तीन वर्षांची स्थगिती जाहीर केली, 2025 मध्ये पुन्हा तशीच. ती रास्त होती असे आम्हाला वाटते, पण चालू महाविद्यालयांच्या तपासण्या कडक झाल्या नाहीत तर स्थगितीने जुनेच दुखणे टिकून राहील.

प्रवेश घेणाऱ्याने इमारत बघण्याआधी मान्यतेचे पत्र मागावे. त्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: कोणत्या अभ्यासक्रमाला, किती तुकड्यांना आणि कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची मान्यता पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला लागू पडत नाही. नंतर तेच नाव बार कौन्सिलच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहावे, आणि पत्र दाखवायला टाळाटाळ झाली तर शुल्क भरू नये.